द पोग्ज आयरिश व्हिस्की: बँडचं नाव बाजूला ठेवून चव घेतली तर

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होऊन जाईल. व्हिस्की चांगली आहे. हलकी, गोडसर, घशाला न टोचणारी, आणि तिच्या भावात जे द्यायला पाहिजे त्यापेक्षा थोडं जास्तच देते. पण बाटलीवर बँडचं नाव आहे म्हणून आत काहीतरी जगावेगळं असेल असं समजून कोणी मागवत असेल तर थांबा, तसं काही नाही. आता सविस्तर.

आपल्या जळगाव-धुळ्याच्या दुकानात ही मिळायची नाही. माझा भाचा डब्लिनला नोकरीला आहे, येताना विचारलं त्याने की मामा तुमच्यासाठी काय आणू, मी म्हटलं जे तिकडची साधी माणसं घेतात ते आण, दहा-बारा हजाराची बाटली नको. तर त्याने ही द पोग्ज आणली, तीस युरोच्या आत पडली म्हणाला, म्हणजे आपले ढोबळमानाने तीन हजार. येणाऱ्या माणसाला 2 लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता आणता येते त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आणि हो, आपल्या महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत असून ते सोडून देतात, काढून ठेवा, फार काही अवघड नाही ते.

बँडबद्दल थोडं सांगावं लागेल कारण आमच्याकडे बसलेल्यांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. द पोग्ज हा 1982 मध्ये लंडनला सुरू झालेला बँड. आयरिश लोकसंगीत आणि पंक, म्हणजे जोरकस आरडाओरड्याचं रॉक संगीत, एकत्र केलं त्यांनी, बँजो, अकॉर्डियन, टिनची बासरी आणि त्यावर ओरडून म्हटलेली गाणी. शेन मॅकगोवन हा त्यांचा गायक आणि बरीचशी गाणी लिहिणारा. भाच्याने मोबाईलवर लावून दाखवली गाणी, भाषा सगळी कळत नाही पण नाचावंसं वाटतं हे खरं आहे. बँड थांबला 2014 मध्ये आणि त्यांच्या नावाची ही व्हिस्की आली 2015 मध्ये, बँडची अधिकृत व्हिस्की म्हणून.

इथे मला एक गोष्ट खटकली आणि ती बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. शेन मॅकगोवन हा माणूस त्याच्या गाण्यांइतकाच त्याच्या पिण्यासाठी ओळखला गेला, त्याच्या पिण्यामुळे 1991 मध्ये त्याच्याच बँडने त्याला काढून टाकलं होतं, नंतर पुन्हा एकत्र आले ते वेगळं, आणि 2023 च्या नोव्हेंबरात तो 65 व्या वर्षी गेला. अशा माणसाच्या बँडचं नाव दारूच्या बाटलीवर लावून विकणं मला बरं वाटत नाही. त्यांनी संमतीने केलं, त्यांचं नाव त्यांचा हक्क, सगळं मान्य. तरी आपल्या गावोगावी दारूने मोडलेली घरं पाहिलेल्या माणसाला ते लेबल बघून एकदा थांबायला होतं. मी ती व्हिस्की प्यायलो, आवडली, आणि हेही वाटलं. दोन्ही खरं आहे.

आता आतला माल. तो बनवते वेस्ट कॉर्क डिस्टिलर्स, आयर्लंडच्या दक्षिण टोकाला कॉर्क परगण्यात स्किबरीन नावाचं गाव आहे तिथे. 2003 साली तीन मित्रांनी सुरू केलेली ही डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायचा कारखाना, पैशावाल्या घराण्याची नाही. मला हे फार आवडलं, कारण आयर्लंडमध्ये व्हिस्कीचा धंदा एका वेळी जवळपास संपला होता. एके काळी जगात आयरिश व्हिस्कीच पहिल्या नंबरला होती. मग 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी आली, इकडे इंग्लंडपासून वेगळं होताना तिकडचा बाजार तुटला, आणि सलग चालणाऱ्या कॉलम भट्टीचं तंत्र स्कॉटलंडवाल्यांनी उचललं पण आयर्लंडच्या मोठ्या डिस्टिलऱ्यांनी नाकारलं, तेही ज्या ईनियस कॉफीने 1830 मध्ये त्याचं पेटंट घेतलं तो स्वतः आयर्लंडचाच, आधी दारूवरच्या कराच्या खात्यात काम केलेला माणूस असताना. होता होता 1970 च्या दशकात सगळ्या बेटावर चालू डिस्टिलऱ्या दोन ठिकाणी उरल्या, दक्षिणेत मिडलटन आणि उत्तरेत बुशमिल्स, आणि दोन्हींचा मालक एकच. 1987 मध्ये कूली नावाची नवी डिस्टिलरी आली तेव्हा कुठे दुसरा माणूस मैदानात उतरला. आज चाळीसच्या वर डिस्टिलऱ्या आहेत. तर नव्या डिस्टिलरीला पोटापाण्यासाठी काय करावं लागतं, स्वतःचा माल मुरेपर्यंत वर्षं जातात, पैसा अडकलेला, मग दुसऱ्यांच्या नावाने बाटल्या भरून द्यायच्या. बँडची, सिरीयलची, खेळाडूची, अशा नावांच्या व्हिस्क्या येतात त्यातल्या बऱ्याच अशाच येतात. त्यामुळे अशी बाटली हातात आली की पुढचं मोठं नाव वाचून झालं तरी मागे बारीक अक्षरात कोणी बनवली ते शोधा. खरी ओळख तिथे असते.

ही ब्लेंडेड आहे म्हणजे काय तर दोन प्रकारच्या व्हिस्क्या एकत्र केलेल्या. निम्मी सिंगल माल्ट, म्हणजे फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून तांब्याच्या भट्टीत काढलेली, आणि निम्मी ग्रेन, म्हणजे मका गहू अशा धान्यापासून कॉलम भट्टीत काढलेली, हलकी आणि स्वस्त. स्वस्त ब्लेंडमध्ये साधारण ग्रेनचाच भरणा जास्त असतो, इथे अर्धं माल्ट आहे हे या किमतीत खरंच चांगलं आहे आणि ते तोंडात कळतं सुद्धा. अल्कोहोल 40 टक्के. आपल्याला 42.8 ची सवय त्यामुळे पहिल्या घोटाला पातळ वाटू शकते. वयाचा मोठा आकडा बाटलीवर नाही, पण आयर्लंडच्या कायद्याने निदान 3 वर्षं लाकडी पिंपात त्याच बेटावर मुरल्याशिवाय आयरिश व्हिस्की म्हणताच येत नाही. आणि धान्याचीच पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त व्हिस्क्यांमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, युरोपात ते व्हिस्की म्हणून विकता येत नाही. म्हणून त्यांची स्वस्त आणि आपली स्वस्त यात इतका फरक लागतो, त्यात तिकडच्या माणसांचं काही विशेष कसब आहे असं नाही, कायदाच तसा कडक आहे.

पहिली बैठक डिसेंबरात मळ्यात, भरीत पार्टीच्या आधी. सावद्याकडचा मळा, बाजूला केळी, थंडी चांगली पडलेली. ग्लास चहाचे छोटे घेतले, वर थोडं निमुळतं तोंड असलेला ग्लास मिळाला तर उत्तम कारण वास गोळा होतो, मोठ्या रुंद ग्लासात सगळा उडून जातो. पाणी नाही बर्फ नाही, थोडीशी ओतली आणि पाचेक मिनिटं तशीच ठेवली. रंग फिका सोनेरी. रंगावर जाऊ नका, आयरिश व्हिस्कीत रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे त्यामुळे गडद म्हणजे जुनी असा हिशोब चालत नाही.

वास घेतला आणि आमच्यातले आबा, जन्म केळीत गेलेला माणूस, एकदम म्हणाले, "वखारीचं दार उघडल्यासारखं झालं भो." आणि अगदी बरोबर होतं ते. पिकत आलेल्या केळीचा वास, पिवळं पडायला लागलेलं घड असतं ना, अजून देठ हिरवा आहे, तो. आता यात कल्पना लढवलेली नाही, यामागे कारण आहे. आयसोअमाइल अॅसिटेट नावाचा एक पदार्थ आहे, पिकलेल्या केळ्याला केळ्याचा वास येतो तो मुख्यतः त्याच्यामुळे, आणि धान्याचं आंबवण चालू असताना यीस्टही तोच पदार्थ तयार करतं. भट्टीतून तो दारूत उतरतो. कमी मुरलेल्या हलक्या व्हिस्कीत असे फळांचे वास वर असतात, जास्त वर्षं पिंपात राहिली की लाकूड वर येतं. म्हणजे परदेशातले लोक व्हिस्कीत केळं लागलं म्हणून लिहितात ते आपण इथे बसून त्यांच्यापेक्षा बारकाईने सांगू शकतो, कच्चं की पिकलं की जास्त पिकलेलं. आबांनी तर पुढे सांगितलं की हे केळं पावडर टाकून पिकवलेलं नाही, पिकवायच्या थंड चेंबरमधलं आहे. त्यांच्या नाकावर माझा विश्वास आहे.

केळ्यानंतर हिरवं सफरचंद, थोडा मध, आणि मागे वाळलेल्या चाऱ्याचा वास, ज्वारीचा कडबा गंजीला लावताना येतो तसल्या जातीचा, कोरडा आणि गोडसर. तो माल्टमधून येतो, बार्लीचा. धूर अजिबात नाही. बार्ली वाळवताना स्कॉटलंडमध्ये काही ठिकाणी पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीसारख्या जळणाचा, धूर देतात, आयर्लंडमध्ये बहुतेक देत नाहीत, म्हणून ज्यांना धुराची स्कॉच औषधासारखी लागते त्यांनी आयरिशकडे यावं.

तोंडात पहिल्यांदा गोड. साखरेचं गोड नाही, बिस्किटातलं गोड. मग भाजलेल्या दाण्यासारखं काहीतरी, मग लिंबाच्या सालीचा हलका कडवटपणा, आणि मग संपते. पटकन संपते, हीच तिची मोठी उणीव. गिळल्यावर चव रेंगाळत नाही, थोडी ऊब राहते बस. मधला भाग भरलेला आहे, निम्म्या माल्टची कमाई ती, पण शेवट आखूड. जेमसन आपल्याकडे सगळ्यांनी प्यायलेली असते म्हणून त्याच्याशी ताडून सांगतो, जेमसनमध्ये ग्रेनसोबत पॉट स्टिल व्हिस्की असते, म्हणजे मोड आलेली आणि न आलेली बार्ली मिळून केलेली, त्यामुळे तिला एक तेलकटपणा आणि मसालेदार झटका असतो. पोग्जमध्ये तो नाही. ही जास्त सरळ, जास्त गोड. मला स्वतःला जेमसनचा झटका जास्त आवडतो पण आमच्यातल्या दोघांना हीच आवडली, त्यातला एक तर एरवी व्हिस्कीला हात लावत नाही.

पाणी घालायचं का? थेंबाथेंबाने. चमचाभर पाणी घातलं की केळं मागे जातं आणि मध वर येतो, ते चांगलं वाटलं. पण आपल्याकडे अर्धा ग्लास पाणी ओततात तसं केलं तर काही उरत नाही, 40 टक्क्याची हलकी व्हिस्की आहे, ती एवढं पाणी सोसत नाही. सोड्याचं म्हणाल तर गरमीच्या दिवसात बरी लागते, लिंबाची साल पिळून. कोल्ड्रिंक घालणाऱ्यांनी ही बाटली उघडूच नये, त्यांच्यासाठी यापेक्षा स्वस्तातलं काहीही चालेल.

खाण्याबरोबर काय, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण खान्देशात बसून या व्हिस्कीचा खरा प्रश्न तोच आहे. शेवभाजीबरोबर जमत नाही. आपला रस्सा म्हणजे काळा मसाला, सुकं खोबरं, लसूण, वर तर्री, त्यापुढे ही बिचारी हलकी व्हिस्की टिकतच नाही, तोंडात मसाल्यावर स्पिरिट ओतल्यासारखी नुसती आग होते, गोडवा हरवतो. भरिताचंही तेच. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्याचा धूर, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, दाणे, हे सगळं इतकं पूर्ण असतं की त्याला बाजूला काही लागत नाही, कळण्याची भाकरी सोडून. म्हणून आम्ही काय केलं, वांगी भाजायला टाकली तेव्हा प्यायलो आणि ताटं मांडली तेव्हा ग्लास उचलून ठेवले. हेच बरोबर आहे. जिने जेवणाआधी बसायचं, तिला जेवणात ओढायचं नाही.

जमतं काय तर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, फक्त मिठाच्या, मसाल्याच्या नको. दाण्याची चव व्हिस्कीतही आहेच, दोन्ही एकमेकांना उचलतात. ज्वारीचा हुरडा असेल तर फारच सुंदर, कोवळ्या दाण्याचा गोडवा आणि हा माल्टचा गोडवा. बिबड्या तळून दिल्या वहिनींनी, त्याही चालल्या. केळ्याचे वेफर साधे मिठाचे ठीक, पण मिरीवाले तर अगदी छान, जो मसालेदार झटका व्हिस्कीत कमी आहे तो मिरी भरून काढते. गोडात मी खापरावरचे मांडे आदल्या दिवशीचे उरलेले खाऊन पाहिले, पुरणाचा गोडवा जास्त झाला, व्हिस्की कडू लागायला लागली. नको.

नंतर उन्हाळ्यात उरलेली बाटली काढली तेव्हा वेगळीच लागली आणि हे आपल्या भागातल्या माणसाने लक्षात ठेवायलाच पाहिजे. मे महिन्यात जळगावला पारा 44 च्या पुढे जातो, रात्री नऊलाही भिंती गरम असतात. अशा हवेत ग्लासात ओतली की अल्कोहोल भराभर उडतं आणि नाकात आधी तेच शिरतं, केळं बिळं काही नाही, नुसता स्पिरिटचा भपका. जी व्हिस्की डिसेंबरात मऊ होती तीच मेमध्ये आडदांड वाटते. चूक व्हिस्कीची नाही, ती जिथली आहे तिथली हवा आपल्यापेक्षा बरीच थंड असते. तर उपाय साधा, बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही, आणि ग्लास पण थंड घ्या. बर्फाचा एक मोठा खडा चालेल. बारीक बर्फ भरून घेतला तर तो वितळून पाणीच होतं आणि जीभही बधिर होते.

याच उष्णतेवरून आबांनी चांगला प्रश्न विचारला होता, की मग आपल्याकडे का मुरवत नाहीत, लवकर मुरेल की. मुरते की लवकर. बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन, या आपल्याच सिंगल माल्ट आहेत आणि जगात मान आहे त्यांना. पण पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो, आयर्लंडसारख्या थंड देशात तो 2 टक्क्यांच्या आसपास असतो आणि बंगळुरूसारख्या ठिकाणी 10 टक्क्यांच्या पुढे जातो. आपल्या भुसावळच्या उन्हात तर काय होईल विचार करा. म्हणजे इथे चार-पाच वर्षांत माल तयार होतो पण पिंपही रिकामं व्हायला लागतं, तो तोटा बाटलीच्या किमतीत येणारच. पोग्जसारखी कमी मुरलेली असून चालणारी स्वस्त व्हिस्की आयर्लंडला परवडते त्यात तिथल्या थंडीचाही वाटा आहे.

किमतीचं पुन्हा एकदा. तिकडून कोणी येत असेल आणि तीन हजाराच्या आसपास पडत असेल तर बेलाशक मागवा. पण मोठ्या शहरात असल्या नावाच्या बाटल्या कोणी कोणी दुप्पट-तिप्पट भावाने देतो म्हणतात, बिनपावतीच्या, त्याच्या वाटेला जाऊ नका. एक तर ते बेकायदेशीर, दुसरं म्हणजे आतला माल खरा की जुन्या बाटलीत भरलेला हे कोण सांगणार, आणि तिसरं म्हणजे तेवढ्या पैशात आपली एखादी भारतीय सिंगल माल्ट पावतीसह दुकानातून येते जी हिच्यापेक्षा नक्कीच सरस आहे. भेट म्हणून द्यायची असेल तर ज्याला हा बँड आवडतो त्याला द्या, त्याला त्या नावाचा आनंद होईल आणि आतला माल त्याला निराश करणार नाही. ज्याला बँड माहीत नाही त्याला त्याच पैशात बुशमिल्सची साधी बाटली मिळत असेल तर ती आणि ही यात मी डोळे मिटून कोणतीही घेईन, इतक्या जवळच्या आहेत.

उघडल्यावर फार दिवस ठेवू नका. बाटली अर्ध्याच्या खाली गेली की आतल्या हवेने चव हळूहळू उतरते, केळ्याचा तो ताजा वास सगळ्यात आधी जातो, आमच्या बाटलीत मेपर्यंत तो बराच कमी झाला होता. कपाटात अंधारात ठेवा, गच्चीला लागून असलेल्या खोलीत नको, आणि उभी ठेवा. वाईन आडवी ठेवतात ते बघून काही जण व्हिस्कीही आडवी ठेवतात, त्याने बूच खराब होतं, एवढं अल्कोहोल बुचाला सोसत नाही.